अकरा डिसेंबर

आमच्या घरात ११ डिसेंबर दोनदा यायचा. आई पहाटे चारच्या सुमारास उठून अंगणात येऊन बसायची, अंगावर घोंगडी, हातात काही नाही. आबा तासाभरानं उठायचे, दाढी करून स्वच्छ कपडे घालायचे, ट्रंक उघडून मेडलं काढायचे, पुसायचे आणि परत ठेवायचे. आईचा ११ डिसेंबर १९६७ सालचा, कोयनेच्या भूकंपाचा. आबांचा १९७१ सालचा, जमालपूरचा. एकाच तारखेवर दोघांनी आपापला हक्क सांगितला होता आणि कितीतरी वर्षं कुणी कुणाच्या हद्दीत गेलं नाही.

आमचं गाव पाटण तालुक्यातलं. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. तिथं पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचा स्मृतिस्तंभ आहे, घराघरात फौजी आहेत. आमच्या गावाला असला काही मान नाही. आमच्याकडच्या पोरांपुढं दोनच वाटा असत. एक मुंबईची: गोदीत नाहीतर मशीद बंदरला जाऊन पाठीवर पोती उचलायची. दुसरी बेळगावची. आबांचे दोन चुलतभाऊ पहिल्या वाटेनं गेले. आबा १९६३ साली दुसऱ्या वाटेनं गेले. आदल्या वर्षी चीननं आपल्याला मार दिला होता, नोव्हेंबरात कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले होते आणि फौज वाढवायला घेतली होती. आबा छाती काढून सांगायचे, "यशवंतरावांनी बोलावलं, गेलो." आजोबा मात्र खरं बोलायचे. म्हणायचे, "घरातलं एक तोंड कमी झालं आन् मनिआर्डर चालू झाली."

बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये आबांचं रंगरूटपण गेलं. तिथं त्यांना काय काय शिकवलं ते आम्हाला हप्त्याहप्त्यानं कळत गेलं, पण एक गोष्ट सगळ्या गावानं पाहिली. लाइट इन्फंट्रीची चाल जलद, मिनिटाला १४० पावलं. आबा बाजाराला निघाले तरी त्याच चालीनं निघत. आई मागून डोक्यावर पाटी घेऊन यायची. ओढ्यापर्यंत दोघांत शंभर पावलांचं अंतर पडायचं. ओढ्यावर आबा थांबत, मागं वळून बघत नसत, नुसते थांबत. ती जवळ आली की पुन्हा निघत.

लग्न १९६६ साली झालं. वीस दिवसांची सुट्टी राहिली होती, तेवढ्यात हळदही लागली आणि उतरलीही. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं आईचं सासरचं नाव लिहिलं. माहेरचं नाव वेगळं होतं, ते त्या तांदळात बुजलं. पुढं घरात तिला त्या नव्या नावानं हाक मारली ती फक्त सासू-सासऱ्यांनी. आबांनी दोन्हीपैकी कुठलंच नाव कधी घेतलं नाही. नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती, बायकोनं नवऱ्याचं घेणं तर पापच. आबा "अगं ए" म्हणायचे, ताई झाल्यावर ताईच्या नावानं हाक मारायचे. ताईला वाटायचं आपल्यालाच बोलावलं. दोघी ओ द्यायच्या.

आबांची पत्रं आजोबांच्या नावे यायची. वर ठिकाण काहीच नसायचं, नुसतं केअर ऑफ ५६ एपीओ, नाहीतर ९९ एपीओ. माणूस बर्फात आहे की जंगलात, ते त्यावरून कळायचं नाही. आईला वाचता येत नव्हतं. शाळेतले मास्तर येऊन सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचे. तीर्थरूप वडिलांस साष्टांग नमस्कार, मग बैलांची चौकशी, मग भाताची, मग भावकीतल्या भांडणाची. सगळ्यांसमोर वाचलं जाणार म्हटल्यावर बायकोसाठी काय लिहिणार? पण प्रत्येक पत्रात एक ओळ असायची: चुलीला लाकडं पुरतात का. आजोबा दर वेळी म्हणायचे, ह्याला लाकडांचं काय पडलंय. लाकडं आणायला रानात आई जायची. तिला ती ओळ कळायची. मला हे तिनं साठी उलटल्यावर सांगितलं, तेही शेंगा फोडता फोडता, माझ्याकडं न बघता.

तर भूकंप. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी. कोयनेचं धरण भरायला लागल्यापासून खोऱ्यात भुई अधूनमधून गुरगुरायची. त्या वर्षी सप्टेंबरातही चांगला हादरा बसला होता. लोकांना सवय झाली होती. हादरा बसला की भांडी सरळ करायची आणि झोपायचं. त्या रात्री आजोबा खळ्यावर भाताच्या राखणीला होते. घरात आई, नऊ महिन्यांची ताई आणि गुडघ्यांनी अडलेली आजी. आईचं वय एकोणीस.

"आधी आवाज आला," आई सांगायची. "डोंगरावरनं मालाचा ट्रक सुटल्यागत. मग भुईनं उचललं आन् आपटलं." आमची घरं दगड-मातीची, वर कौलं. असली भिंत हलली की दोन्ही बाजूंनी फुगते आणि बसते. आईनं एका हातात ताई धरली, दुसऱ्या हातानं आजीला उंबऱ्यावरून ओढलं. मागची भिंत गोठ्यावर पडली आणि एक बैल गेला. खळ्यावर पेंढ्यात बसून त्यांनी उजाडायची वाट पाहिली. कोयनानगर तर बहुतेक सगळं झोपलं. खोऱ्यात पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. धरणाच्या भिंतीला तडे गेले, पण ते उभं राहिलं. नाहीतर मी हे लिहायला नसतो, कारण आमचं गाव धरणाच्या खालच्या अंगाला आहे.

चौथ्या दिवशी पोस्टमन खळ्यावर आला. आबांचं पत्र होतं, भूकंपाच्या आधी टाकलेलं. मास्तरांनी ढिगाऱ्याशेजारी उभं राहून ते वाचलं. बैलांची चौकशी. भात झोडून झालं का. चुलीला लाकडं पुरतात का. आणि शेवटी: घराची मागची भिंत पावसानं फुगली आहे, सुट्टीवर आलो की बघतो, तोवर कुणी हात लावू नये. मास्तर थांबले. सगळ्यांनी मागच्या भिंतीकडं, म्हणजे ती जिथं होती तिकडं पाहिलं. आणि आईला हसू फुटलं. सासऱ्यासमोर, मास्तरांसमोर, पदर तोंडात कोंबून ती हसत राहिली. आजी तिला शिव्या देता देता स्वतः हसायला लागली.

आबा जानेवारीत सुट्टीवर आले. वीस दिवसांत त्यांनी मागची भिंत कंबरेपर्यंत चढवली आणि पलटणीत परत गेले. वरची भिंत आईनं आजोबांच्या हाताखाली दगड उचलून पुरी केली. ती भिंत अजून आहे. खालचे दगड ओळंब्यात आहेत, जणू पलटण उभी केली आहे. वरच्या भागाचं पोट जरा सुटलेलं आहे. आबा पेन्शनीत आल्यावर दर पावसाळ्याआधी त्या वरच्या भागाकडं बघून चुकचुकायचे. आई म्हणायची, "खालची सरळ हाय म्हनून वरची टिकली, आसं म्हना की." हे ती कौतुकानं म्हणायची की टोमणा मारायची, मला अजून नक्की सांगता येत नाही.

जमालपूर मात्र आम्हाला तोंडपाठ होतं. आबा जंगी पलटणीत, म्हणजे पहिल्या मराठ्यात. १९७१ च्या डिसेंबरात ते मेघालयाच्या बाजूनं पूर्व पाकिस्तानात उतरले. जमालपूर ब्रह्मपुत्रेच्या काठावर, ढाक्याच्या वाटेवर. तिथं पाकिस्तानची ३१ बलूच रेजिमेंट खंदक खणून बसलेली. आबांची पलटण नदी ओलांडून त्यांच्या पाठीमागं गेली आणि ढाक्याकडं जाणारा रस्ता अडवून बसली. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शत्रूच्या कर्नल सुलतान अहमद यांना शरण येण्याबद्दल चिठ्ठी पाठवली. ती एका म्हाताऱ्या गावकऱ्यानं नेली. उत्तर आलं ते बंदुकीची गोळी कागदात गुंडाळून. १० तारखेच्या रात्री बलुचांनी रस्ता फोडून निसटायचा प्रयत्न केला आणि ते थेट मराठ्यांच्या मोर्चांवर आले. लेफ्टनंट कर्नल ब्रार यांच्या हाताखाली रात्रभर लढाई चालली. उजाडलं तेव्हा समोर दोनशेहून जास्त माणसं पडलेली होती आणि जमालपूर पडलं होतं. त्याच दिवशी दुपारनंतर टांगाइलला आपले छत्रीधारी उतरले, २ पॅराचे. ही पलटण मूळची तिसरी मराठा, त्यामुळं आबांच्या लेखी तेही घरचेच. १६ डिसेंबरला सगळे ढाक्यात.

एवढं आबा दर वर्षी शाळेत सांगायचे. गोळी गुंडाळलेल्या चिठ्ठीपाशी पोरं टाळ्या वाजवायची, आबा तिथं थोडं थांबायचे. चिठ्ठी नेणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट ते जास्त रंगवायचे, कर्नल-ब्रिगेडियरांची कमी. "आम्हाला हत्यार होतं," ते म्हणायचे, "त्याच्याकडं काय होतं? दोन्हीकडं बंदुका आणि मधून हा चालला." आजचे लोक युद्धाच्या गोष्टी सांगताना आवाज चढवतात. आबांचा आवाज त्या सकाळपाशी आला की खाली यायचा. समोर पडलेल्यांबद्दल ते 'शत्रू' म्हणायचे नाहीत, 'माणसं' म्हणायचे. पोरं टाळ्या वाजवायची थांबायची नाहीत, म्हणून ते घाईनं 'बोल छत्रपती शिवाजी महाराज की' म्हणायचे आणि 'जय' झाला की खाली बसायचे.

पेन्शनीत आले ते १९८१ साली, हवालदार होऊन, अठरा वर्षांची नोकरी करून. सोबत काळी लोखंडी ट्रंक, बिस्तरबंद, एक मग्गा आणि फौजी हिंदी. सैनिकाच्या घरी परतण्याबद्दल लोक गोड गोड लिहितात. आमच्या घरात ती दोन वर्षं फार अवघड गेली. आईनं पंधरा वर्षं घर चालवलं होतं. सासू-सासऱ्यांचं दुखणं-खुपणं, दोन बाळंतपणं, गुरं, शेत, सोसायटीचं कर्ज, माझी शाळेची फी. या सगळ्यात आबा होते ते मनिऑर्डरच्या रूपानं. आता ते अंगानं आले आणि त्यांना घराची पलटण करायची होती. पहाटे पाचला सगळ्यांनी उठायचं. घोंगड्यांच्या घड्या विटेसारख्या चौकोनी. संध्याकाळी सगळे आले की नाही याची हजेरी, गुरांसकट. एकदा त्यांनी आईचा तांब्याचा हंडा ब्रासो लावून असा चमकवला की अंगणात उन्हाचा कवडसा पडला. आई पाणी भरून आली, एक घोट प्यायली आणि सगळं पाणी अंगणात ओतलं. तीन दिवस हंड्याचा वास गेला नाही. तिनं चिंच आणि राख लावून घासून घासून तो वास काढला आणि म्हणाली, "तिकडं तुमची पलटण व्हती. हितं माझी हाय. हितं भरती व्हायचं आसंल तर रंगरूट म्हनून व्हा."

आबांनी ते ऐकलं, याचं मला आजही नवल वाटतं. दुसऱ्या दिवसापासून ते तिच्या हाताखाली लागले. लाकडं आणायचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलं. चूल जाऊन गॅस आला तोवर आमच्या घरात लाकडं कधी कमी पडली नाहीत. उलट परड्यात इतकी रचून ठेवलेली असायची की शेजारीपाजारी मागून न्यायचे. ढीगसुद्धा कसा, ओळंब्यात.

दोन तारखांची गाठ मात्र एकदाच पडली, मी कॉलेजात असताना. ११ डिसेंबरच्या पहाटे मला जाग आली तर अंगणात दोघंही बसलेली. आबा त्या दिवशी लवकर उठले होते. त्यांनी सांगितलेलं मी आतून, अंथरुणातून ऐकलं. जमालपूरच्या त्या रात्री तोफा लागल्या तेव्हा मोर्चातली भुई अंगाखाली हलायला लागली. मातीचं ढेकूळ मानेवर पडलं. "तेव्हा मनात आलं," आबा म्हणाले, "की घरच्यांना असंच झालं असंल. चार वर्षं मला कळलंच नव्हतं."

बराच वेळ आई काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुमच्याकडं बंदूक तरी व्हती. मी कुनावर झाडू?"

आबा हसले. मग दोघं उठून चहाला आत आली.

आबा २०१८ च्या श्रावणात गेले. हृदय थांबलं, फार त्रास झाला नाही. त्यानंतर कागद सुरू झाले. आबांच्या हयातीत दर नोव्हेंबरला ते कडक इस्त्रीत बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यायचे. स्वतः जिवंत असल्याचं लिहून द्यायला त्यांना मजा यायची. आता फॅमिली पेन्शन आईच्या नावावर व्हायची होती. मी ट्रंकेतून डिस्चार्ज बुक काढलं. आबांनी ते मेणकापडात बांधून ठेवलं होतं. माझ्या आणि ताईच्या जन्मतारखा होत्या, त्या पार्ट टू ऑर्डरीच्या नोंदींसकट बरोबर होत्या. बायकोच्या रकान्यात एक नाव होतं, त्याच्यापुढं आबांचं नाव आणि आमचं आडनाव. ते पहिलं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. पोटात गोळा आला. नको नको ते मनात येऊन गेलं, हेही कबूल करतो. मग ते नाव आईला वाचून दाखवलं.

आई चूल नसलेल्या स्वयंपाकघरात उभी होती. तिनं ओट्याला हात टेकला. "हे माझं माह्यारचं," ती म्हणाली. "ह्यास्नी ठावं व्हतं?"

म्हणजे असं झालं असणार. लग्नानंतर सुट्टी संपवून आबा पलटणीत गेले. तिथं क्लार्कनं विचारलं असणार, बायकोचं नाव? त्यांनी आयुष्यात ते कधी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. आणि पहिल्यांदा उच्चारायची वेळ आली तेव्हा तांदळातलं नाव न सांगता तिचं मूळचं सांगितलं. का, ते आता विचारायची सोय नाही. कदाचित लग्नाच्या याद्या करताना कानावर पडलेलं तेच डोक्यात राहिलं असेल. कदाचित चुकून असेल. मला यातलं कुठलंच पटत नाही, पण पुरावा म्हणाल तर नाही. लग्नानंतर जे नाव सगळ्या गावानं पुसलं, ते सरकारी फायलीत बावन्न वर्षं शाबूत राहिलं, एवढंच खरं.

आधार कार्डावर आणि बँकेत सासरचं नाव, डिस्चार्ज बुकात माहेरचं. दोन्ही नावांची बाई एकच आहे, असं आम्हाला प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं लागलं. सरपंचांचा दाखला, फोटो, साक्षीदार. सैनिक कल्याण कार्यालयातला क्लार्क स्वतः माजी सैनिक होता, समजूतदार. म्हणाला, असल्या आज्ज्या आमच्याकडं सारख्या येतात, फौजेत नाव एक आणि घरात दुसरं. काही महिन्यांत काम झालं. मी आईला विचारलं होतं, फौजेतलं नाव दुरुस्त करून घेऊ की बाकीच्या कागदांवरचं? ती म्हणाली, "त्यांनी सांगितलेलं ऱ्हाऊ दे." मग आधारवरचं बदललं. सत्तरीच्या पुढं गेल्यावर तिला स्वतःचं नाव परत मिळालं, फक्त त्या नावानं हाक मारायला कुणी उरलं नव्हतं.

आता दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला आई देते. अंगठा यंत्रावर उमटत नाही, दगड-लाकडांनी रेघा झिजल्या आहेत. दहा-दहा वेळा पुसून दाबावा लागतो. फॉर्मात विचारलेलं असतं, पुनर्विवाह केला आहे का? पहिल्या वर्षी मी ते वाचून दाखवलं तेव्हा आई एवढी हसली की बँकेतले लोक वळून बघायला लागले. ढिगाऱ्याशेजारी ती कशी हसली असेल ते मला त्या दिवशी दिसलं.

ट्रंक आता तिच्या खोलीत आहे. वर पांढऱ्या रंगानं आबांचा नंबर, रँक, नाव. आत तांदूळ आहेत. मेडलं, पूर्वी स्टार आणि संग्राम, तांदळातच एका डब्यात ठेवली आहेत. गंज लागत नाही, असं ती म्हणते.

मधली एक गोष्ट राहिली. ओळखपत्रासाठी पहिल्यांदा साताऱ्याला गेलो तेव्हाची. क्लार्कनं कॉम्प्युटरवर फॉर्म उघडला आणि आईकडं बघून विचारलं, "मिस्टरांचं नाव?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती ताठ बसली, पदर सारखा केला आणि सुरू झाली: "दो, सात..." फौजी हिंदीत, एकेक आकडा सुटा, न अडखळता, पुरे सात आकडे. मग जरा थांबून, "हवालदार. जंगी पलटण." ज्या मास्तरांकडून ती पत्रांवर पत्ता घालून घ्यायची, त्यांना तिनं हा नंबर पंधरा वर्षं असाच सांगितला असणार. मला स्वतःला तो आजही ट्रंकेवर बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

क्लार्कनं आकडे टाकले. स्क्रीनवर आबांचं नाव आलं. त्यानं स्क्रीन आईकडं वळवला आणि विचारलं, "हेच ना?"

"व्हय," आई म्हणाली. "पन बरोबर लिव्हलंय का, ते ह्याला ईचारा."